नदीकाठची पहिली सायकल सहल: आधी पूल शोधा, मग किलोमीटर मोजा

पहिली दिवसभराची सायकल सहल कुठे काढू, असं नवख्या माणसाने विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: नदीच्या कडेने. पाण्याला चढ चढता येत नाही, त्यामुळे त्याला चिकटून जाणाऱ्या रस्त्यालाही फारसे चढ नसतात. सपाटीवरची नदी किलोमीटरमागे मीटरभरसुद्धा उतरत नाही. जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा सायकलमार्ग जगभरच्या नवशिक्यांचा लाडका आहे. त्या सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात नदी जेमतेम दीडशे मीटर खाली येते. त्या मार्गाचा बराच भाग म्हणजे जुन्या काळी घोडे प्रवाहाविरुद्ध नावा ओढत नेत ती वाट. ओझं ओढणाऱ्या जनावराला सोसेल इतकाच चढ तिथे असणार, आणि तेवढा आपल्यालाही सोसतो.

पण हीच नदी आडवी भिंतही असते. पलीकडचा झाडीचा काठ दोनशे मीटरवर दिसत असतो आणि तिथे पोचायला पूल असतो नऊ किलोमीटर पुढे. अशा सहलीत नवखी माणसं चढाने दमत नाहीत. काठ, पूल आणि आडवाटा यांचा हिशेब चुकल्याने दमतात. म्हणून सगळं नियोजन पुलांपासून सुरू करायचं.

पायरी १: नदीचा कोणता तुकडा घ्यायचा

उगमाजवळचा भाग फोटोत देखणा दिसतो, पण पहिल्या सहलीसाठी तो टाळा. दरी अरुंद असली की रस्त्याला पाण्याजवळ जागाच उरत नाही. तो डोंगराच्या अंगाने वर चढतो, पुन्हा खाली येतो, आणि नदी दिवसभर फक्त ऐकू येत राहते. मुखाजवळच्या भागाची तऱ्हा वेगळी. तिथे चढ शून्य, पण सावली नाही, वारा मोकाट, आणि प्रवाहाचे इतके फाटे की वाट सारखी अडते. धरणाचा जलाशय तर नकाशावर भुलवतोच. काठ बोटांसारखे आत-बाहेर गेलेले असतात, म्हणून रस्ता बहुतेक वेळा पाण्यापासून दूर सरळ काढलेला असतो.

उरला मधला टप्पा. दरी रुंद झालेली, दोन्ही बाजूंना पूरमैदान, काठाला गावं, वाटेत पूल. हाच आपला.

लांबी? पंधरा-वीस किलोमीटर सायकल सहज चालवता येत असेल तर दिवसाला एकूण ३५ ते ४० किलोमीटर, आडवाटा धरून. सपाट डांबरीवर नवख्याचा सरासरी वेग तासाला १४-१५ किलोमीटर असतो, खडी किंवा मातीच्या वाटेवर दहा-बारा. म्हणजे पायडलवर तीन-साडेतीन तास आणि थांबे धरून सहा-सात तासांचा दिवस. पुरेसा आहे. आणि अंतर मोजताना दोन गावांमधली सरळ रेषा धरू नका. भूगोलात नदीला ‘नागमोडी’ म्हणायचं तर तिची लांबी सरळ अंतराच्या किमान दीडपट असावी लागते, असा ढोबळ निकष आहे. काठाकाठाने जाणारी वाटही तशीच लांबते, आणि वीस किलोमीटरवर दिसणारं गाव तीसवर निघतं.

पायरी २: नकाशावर पूल मांडा

या कामाला अर्धा तास द्या. सगळ्या तयारीत सर्वांत जास्त परतावा यातच आहे.

नकाशा उघडा आणि निवडलेल्या तुकड्यातले सगळे पूल खुणेने टिपा. मग दोन्ही काठांवरच्या वाटा बघा. शिडी डोळ्यांपुढे आणा: दोन काठ म्हणजे तिचे उभे दांडे आणि पूल म्हणजे पायऱ्या. सहलीचा मार्ग या शिडीवर आखायचा. एका काठाने जा, दूरच्या पुलावरून ओलांडा, दुसऱ्या काठाने परत या. तीच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. मधला प्रत्येक पूल म्हणजे लवकर परतायची सोय. पाय भरून आले, आभाळ भरून आलं, सोबतच्या कुणाचा मूड गेला, तर पुढच्या पुलावरून वळायचं. पहिल्या सहलीसाठी दोन पुलांमध्ये दहा किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नसलेला तुकडा निवडा, असं मी आग्रहाने सांगेन.

पूल टिपताना चार गोष्टी तपासा.

तो सायकलसाठी खुला आहे का. रेल्वेचा पूल आणि द्रुतगती मार्गाचा पूल नकाशावर ऐटीत दिसतात, पण आपल्या कामाचे नसतात. पादचारी पुलाला जिने असू शकतात. वीस किलोची सायकल चाळीस पायऱ्या चढवायची तयारी असेल तरच तो धरा.

मध्ये उपनदी किंवा मोठा ओढा कुठे मिळतो. नवख्यांच्या नजरेतून हेच निसटतं. मुख्य नदी ओलांडायची नसली तरी आपल्या बाजूने येणारा प्रत्येक प्रवाह ओलांडावाच लागतो, आणि त्यावरचा पूल बरेचदा मुखापाशी नसून दोन-तीन किलोमीटर आत असतो. काठाची वाट तिथे अचानक आत वळते.

फेरीबोट असेल तर तिच्या वेळा, सुट्टीचा दिवस आणि शेवटची फेरी. ऑस्ट्रियात श्लोगनजवळ डॅन्यूबच्या उत्तर काठावरची वाट चक्क तुटते. डोंगर थेट पाण्यात उतरलेला आहे आणि पुढे सरकायला सायकल बोटीत चढवावी लागते. बोट बंद असेल तर उलट फिरा. इतक्या नावाजलेल्या मार्गावर ही गत, तर अनोळखी नदीवर तपासून घेतलेलं बरं.

चौथी गोष्ट वाटेचा पृष्ठभाग. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा इथे उपयोगी पडतो. डांबरी, खडी, माती, पायवाट असे भेद त्यात बरेचदा नोंदलेले असतात, आणि त्यावर चालणारी अनेक ॲप नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवू देतात. उतरवून ठेवाच. दरीत नेटवर्क जातं.

एक छोटी सूचना. डावा काठ, उजवा काठ हे नेहमी नदी वाहते त्या दिशेला तोंड करून ठरवतात. तुम्ही प्रवाहाविरुद्ध निघालात तर डावा काठ तुमच्या उजव्या हाताला येतो. फोनवर ‘डाव्या काठाला भेटू’ असं सांगून दोघं दोन काठांवर उभे राहिले, तर मधला पूल किती लांब आहे ते तेव्हा कळतं.

पायरी ३: आडवाटा निवडा, पण मोजून

नुसती काठाकाठाने सायकल चालवली तर दोन तासांनी सगळं सारखंच दिसू लागतं. सहलीला चव येते ती आडवाटांनी. मात्र नकाशावर एक किलोमीटर दिसणारी आडवाट जाऊन-येऊन दोन होते, वर थांबण्याचा वेळ. माझा हिशेब असा: एकूण अंतराचा चौथा भाग आडवाटांसाठी राखायचा, आणि त्यात एक मोठी, दोन लहान एवढंच बसवायचं. मोठी आडवाट दिवसाच्या पूर्वार्धात घ्या. दमल्यावर केलेली मोठी आडवाट कुणाच्याच आठवणीत चांगली राहत नाही.

चढ किती आहे ते आधी काढा. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजायच्या. दोन किलोमीटरमध्ये शंभर मीटर चढ म्हणजे सरासरी ५ टक्के. तीन टक्के कुणालाही जमतात, पाचला धाप लागते, आठच्या पुढे बहुतेक नवखे उतरून ढकलतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण सरासरी फसवी असते. पहिला दीड किलोमीटर सपाट आणि उरलेला अर्धा भिंतीसारखा, असंही असतं, म्हणून रेषा कुठे दाटल्या आहेत ते बघा.

कुठल्या आडवाटा वाकडी वाट करण्याच्या लायकीच्या असतात? पहिला मान उंचावरून दिसणाऱ्या वळणाला. नदीकाठी असताना नदीचा आकार कधीच दिसत नाही, समोरचं पाणी तेवढं दिसतं. श्लोगनलाच डॅन्यूब जवळजवळ उलटी फिरते, पण खालच्या सायकलवाटेवरून याचा पत्ता लागत नाही. सायकल खाली लावून साधारण अर्धा तास जंगलातून चढलं की तो अख्खा फास पायाखाली उलगडतो. अशा जागी सायकल वर न्यायचा हट्ट नको. कुलूप लावायचं, पाण्याची बाटली आणि मौल्यवान वस्तू घेऊन पायी जायचं. पाठीला आणि बैठकीलाही आराम मिळतो.

दुसरी आडवाट संगमाची. उपनदी ओलांडायला आत वळावंच लागतं, तर तसंच तिच्या काठाने मुखापर्यंत जाऊन या. एक पाणी गाळाने मातकट आणि दुसरं स्वच्छ असेल तर दोन रंग काही अंतर शेजारी-शेजारी वाहताना दिसतात. पासाउला तर तीन नद्या मिळतात आणि तीन छटा ओळखू येतात.

जुना प्रवाह ही माझी सर्वांत आवडती आडवाट, आणि चढ नसल्यामुळे सर्वांत सोपी. नदी वळणाचा गळा कापून सरळ वाहू लागली की मागे चंद्रकोरीसारखं तळं उरतं. शाळेच्या भूगोलातलं नालाकृती सरोवर ते हेच. नकाशावर नदीच्या बाजूला एकटीच पडलेली निळी कोर दिसली की तिथे वाट जाते का बघा. पाणी संथ असतं, वेत आणि लव्हाळे वाढलेले असतात, पक्षी भरपूर. सायकल शंभर पावलं अलीकडे ठेवा आणि चालत जा. चेनच्या खडखडाटाने बगळा उडाला की गंमत संपली.

जुन्या पुलांवर आणि काठच्या इमारतींवर पुराच्या खुणा शोधा. पासाउच्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर शतकानुशतकांच्या पूररेषा आहेत. सर्वांत वर १५०१ची, आणि २०१३ची तिच्या खालोखाल. आपल्या डोक्याच्या कितीतरी वर कोरलेली रेषा बघितली की वाटेकडे बघायची नजर बदलते. मगाशी सायकल चालवली तो बांध कशासाठी घातला होता, हेही उमगतं.

बंधारा मात्र दुरूनच बघायचा. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली उलटं फिरत राहतं आणि त्यात सापडलेल्या माणसाला बाहेर येऊ देत नाही. वरून ते शांत दिसतं, हाच त्यातला धोका. पाय भिजवायचे असतील तर वळणाचा आतला काठ निवडा. प्रवाह बाहेरच्या काठाला धडकून तो खालून पोखरतो. तिथे उभी दरड असते आणि गवताचा कंगोरा खालून पोकळ असू शकतो. आतल्या बाजूला वाळू साचते, उतार हलका असतो. वरच्या अंगाला धरण असेल तर कोरड्या पात्रातही उतरू नका. पाणी सोडलं की ते थोड्या वेळात वाढतं आणि भोंगा ऐकू येईलच असं नाही.

पायरी ४: दिशा वाऱ्याला विचारून ठरवा

‘प्रवाहाबरोबर जाऊ, उतार मिळेल’ हा लाडका गैरसमज आहे. किलोमीटरला अर्धा मीटर उतार पायांना कळतसुद्धा नाही. वारा कळतो. शांत हवेत ताशी १५ किलोमीटरने चाललात तर अंगावर येणारी हवा १५च्या वेगाची. समोरून १५चा वारा सुटला तर ती ३० होते, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने चौपट होतो. त्यामुळे साधा नियम: जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर.

वारा बहुधा सकाळी मंद असतो आणि दुपारकडे वाढतो. डोंगराळ दरीत, ऊन असलेल्या दिवशी, दुपारी तो दरीतून वरच्या दिशेला वाहतो आणि रात्री उलटा. अशा ठिकाणी सकाळी प्रवाहाच्या दिशेने खाली जायचं आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन वर परत यायचं. सपाट मुलखात हा नियम चालत नाही. तिथे आदल्या रात्रीचा अंदाज बघून दिशा ठरवा.

लवकर निघा, पण धुकं असेल तर थांबा. रात्री थंड, जड हवा खोलगट भागात उतरते, म्हणून धुकं नदीकाठी सर्वांत दाट असतं आणि सर्वांत उशिरा जातं. पुढचा-मागचा दिवा सोबत हवाच, दिवसाच्या सहलीतही.

पायरी ५: सायकल

खास सायकल विकत घ्यायची गरज नाही. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली कुठलीही धडधाकट सायकल चालेल. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल खडीवर त्रास देते, जाड टायरची माउंटन बाइक डांबरीवर जरा जड जाते पण पोचवते.

सीटची उंची आदल्या दिवशी नीट करा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पाऊल चवड्यावर येतं आणि गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. गुडघेदुखीच्या बऱ्याच तक्रारी सीट खाली असल्यामुळे येतात.

मग हवा, ब्रेक, चेन. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. मातीची वाट जास्त असेल तर खालच्या बाजूला राहा, पकड चांगली मिळते. ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकता कामा नये. चेनला तेल घाला आणि वरचं पुसून टाका. ओल्या तेलाला वाळू चिकटते. गिअर सगळे पडतात का, हे घराजवळ एक चक्कर मारून बघा.

पायरी ६: बॅगेत काय

पाणी तासाला अर्धा लिटर धरा, कडक उन्हात जास्त. नदी शेजारी आहे म्हणून बाटल्या कमी घेऊ नका. स्वच्छ दिसणारं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. फळं, सुका मेवा, जे पोटाला ओळखीचं आहे ते. भूक लागायच्या आधी थोडं थोडं खात राहा.

हातपंप, जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन लिव्हर, पंक्चरचे पॅच, लहान पान्यांचा संच. ट्यूब तुमच्याच टायरच्या मापाची हवी. चाक काढणं घरी एकदा करून बघा. मागचं चाक काढताना चेन आधी सर्वांत लहान चक्रीवर आणायची, मग ते सहज सुटतं. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधा, नाहीतर तोच काटा पाच मिनिटांत दुसरी ट्यूब फोडतो.

हेल्मेट, पातळ रेनकोट, उन्हाची टोपी, सायकलचं कुलूप, थोडी रोकड. सामान पाठीवर न घेता कॅरिअरला बांधा. गादीची सायकल पँट असेल तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. हे कुणी सांगत नाही आणि मग काचतं.

पायरी ७: वाटेवर

पहिला तास मुद्दाम हळू चालवा. बोलता येईल इतकाच दम लागला पाहिजे. हलका गिअर, पाय भराभर फिरणारे. जड गिअर रेटत बसलात तर दुपारी गुडघे बोलू लागतात. चढ दिसला की चढ लागायच्या आधी गिअर बदला, जोर लावलेला असताना नाही.

नदीकाठची वाट दर थोड्या अंतराने बदलते. वाळूचा पट्टा आला तर हँडल सैल धरा, वजन मागे घ्या, पायडल चालू ठेवा आणि पुढचा ब्रेक दाबू नका. ओल्या लाकडी पुलावर सरळ जा, वर गेल्यावर वळणं किंवा ब्रेक नको. चिकणमाती दिसली तर उतरा. ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये इतकी भरते की चाकच फिरेनासं होतं, आणि मग काडी घेऊन खरवडत बसावं लागतं. अरुंद वाटेवर चालणाऱ्यांना आधी घंटी द्या, मग वेग कमी करा. जनावरं असतील तर घंटी न वाजवता हळू जा.

पाण्यात बुडालेल्या फरशीवरून किंवा सखल पुलावरून जायचं नाही. जेमतेम पंधरा सेंटिमीटर खोलीचं वेगवान पाणीसुद्धा उभ्या माणसाचे पाय उचलू शकतं, आणि खालचा रस्ता शाबूत आहे की नाही ते वरून दिसत नाही. पाणी ओसरलं असेल तरी शेवाळ राहतं. सायकल हातात धरून चाला. शिडीवरचा अलीकडचा पूल अशा वेळी कामाला येतो.

पायरी ८: परत फिरायची वेळ आधीच ठरवा

ठिकाण नव्हे, वेळ ठरवा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी घरी किंवा गाडीपाशी पोचायचं, असं धरून उलटा हिशेब करा. ठरलेली वेळ झाली की जिथे असाल तिथून पुढच्या पुलाकडे निघा, मग धबधबा अर्ध्या किलोमीटरवर असला तरी. गटात हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं की ऐन वेळी वाद होत नाहीत. उतरत्या उन्हात पाण्यावरची चकाकी थेट डोळ्यांत येते. नदी पूर्व-पश्चिम वाहत असेल तर परतीची दिशा ठरवताना हेही बघा.

एकाच दिशेने जाऊन रेल्वेने परतायचा बेत असेल तर गाडीत सायकल नेता येते का, कुठल्या गाडीत आणि आधी नोंदणी लागते का, हे निघण्यापूर्वी विचारा. स्टेशनवर पोचून विचारलं तर उत्तर काहीही येवो, अंधार पडलेला असतो.

घरी आल्यावर सायकल जोराच्या पाण्याने धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. ओल्या फडक्याने पुसा, चेनमधली वाळू कोरड्या फडक्याने काढा, तेलाचे थेंब टाका. आणि चाक हाताने सावकाश फिरवत टायरमध्ये रुतलेले काटे त्याच संध्याकाळी काढा, म्हणजे पुढच्या रविवारी सायकल पंक्चर सापडत नाही.